शिवेवर येऊन वाकळ घ्या : मराठवाड्यातल्या आठ जिल्हा परिषदांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी एकतीस वर्षं शिकवलं. चित्रकलेचा तास बाकी कुणाला नको असायचा, म्हणून तो कायम माझ्या वाट्याला यायचा, आणि मला तेच हवं असायचं. निवृत्त होऊन आता सहा वर्षं झाली. आठही जिल्हा परिषदांना एकच पत्र लिहिते आहे, कारण मी जे मागणार आहे ते एका जिल्ह्याच्या हद्दीत मावणारं नाही.

नोकरीतली शेवटची चार-पाच वर्षं राहिली असतील, तेव्हाची गोष्ट. आमच्या गावात एक चित्ररथ आला. ट्रकवर बांधलेला, मराठवाड्याची संस्कृती दाखवणारा. फायबरचे नाथमहाराज, फ्लेक्सवर अजिंठ्याचा पद्मपाणी, पलीकडे पैठणीचा भला मोठा पदर, आणि भोंग्यावर एकच गाणं पुन्हा पुन्हा. निरोप सकाळी आठला आला, रथ आला सव्वाबाराला. तोवर पोरं उन्हात ओळीनं उभी. एक म्हातारी पुढं झाली आणि त्या पदराची कड चिमटीत धरायला गेली. आमच्याकडच्या बायांची ती सवयच आहे, कापड दिसलं की चिमटीत धरून पोत बघायचा. हाताला प्लास्टिक लागलं. पोरं हसली, म्हातारी मागं सरली. पंचवीस मिनिटांत फोटो झाले, मुख्याध्यापकांनी एका कागदावर लाभार्थ्यांचा आकडा भरून सही केली आणि रथ पुढच्या गावाला गेला. कुठल्या खात्याचा रथ होता ते लिहीत नाही. दोष एका खात्याचा नव्हताच. कुणीतरी मनापासून रंगवलाही असेल तो. पण आमच्या गावानं त्यात काही केलं नाही, काही घातलं नाही, आणि रथ गेल्यावर गावात त्याच्याबद्दल कुणी बोललंही नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. संस्कृतीच्या नावानं गावोगाव काही फिरवायचं असेल तर तयार झालेलं फिरवू नका. अर्धवट असलेलं काहीतरी फिरवा, जे प्रत्येक गावात थोडं थोडं वाढेल. माझ्या डोळ्यासमोर वाकळ आहे.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. वाकळ म्हणजे गोधडी. जुनी लुगडी, धोतरं, परकर, पोरांचे विटलेले सदरे थरावर थर अंथरायचे आणि धावदोऱ्यानं शिवून काढायचे. काही जणी कडेपासून चौकोन घेत आत आत जातात, काही सरळ उभ्या ओळी ओढतात. माझ्या आईची वाकळ दुरून बघूनही ओळखू यायची, कारण तिचा टाका गव्हाच्या दाण्याएवढा असायचा, कमी नाही जास्त नाही. मेलेल्या माणसाचं धोतर, बाळंतपणातलं लुगडं, लग्नातला शालू विटल्यावर त्याचा काठ, सगळं त्यात. घरातलं कोण कुठल्या थरात आहे हे शिवणारीला ठाऊक असतं. सार्वजनिक कलाकृती म्हणून ही गोष्ट कुणाच्या नजरेत येत नाही, कारण ती घरात असते आणि बाईनं केलेली असते.

मी म्हणते ती वाकळ तालुक्या-तालुक्यातून फिरेल. मराठवाड्यात ७६ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या एका गावात तिचा आठ दिवस मुक्काम. त्या आठ दिवसांत पंचक्रोशीतली माणसं मिळून आपला एक तुकडा शिवतील, तीन फूट रुंद आणि सहा फूट उंच. एक आठवडा धरला तर ७६ आठवडे होतात, म्हणजे जवळपास दीड वर्ष. पेरणी, पाऊस, सणवार धरले तर दोन वर्षं लागतील. लागू द्या.

कलेनं गावोगाव फिरणं आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. पैठण चित्रं म्हणून जी ओळखली जातात, ती सुट्या पानांवरची. कथेकरी एकेक पान लोकांसमोर धरायचा आणि रामायण-महाभारतातला तो प्रसंग सांगायचा. त्यातली बरीच पानं आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. पैठणच्या पोरांना ती बघायची तर पुण्याला जावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. आणि अंबाजोगाईचे दासोपंत. सोळाव्या-सतराव्या शतकातला हा संतकवी 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहायला बसला तेव्हा त्यानं कागद घेतला नाही, अंगावर पांघरायची पासोडी घेतली. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर ओळीखाली ओळ. कापड हे लिहायचं, सांगायचं, जपायचं साधन आहे, हे आमच्याच जिल्ह्यातल्या माणसानं चारशे वर्षांपूर्वी करून दाखवलं. मी पहिल्यांदा पासोडीबद्दल ऐकलं तेव्हा मला ग्रंथाच्या आधी तिच्या वजनाचं आणि घडीचं सुचलं. ती कशी गुंडाळली असेल, कुणी उचलली असेल.

तुळजापूरचंच घ्या. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला बुऱ्हाणनगरची पालखी येते आणि घोडेगावात घडलेला पलंग जुन्नर, नगर करत येतो. सीमोल्लंघन झालं की देवी त्या पलंगावर कोजागरीपर्यंत निद्रा घेते. पलंगाची लाकडं कुणी घडवायची, कुणी वाहायची, कुठं मुक्काम करायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. वाटेतली गावं त्याची वाट बघतात, कारण त्या वाटेत त्यांचा वाटा आहे. लाकडाचा एक पलंग. पण तो तुळजापुरात पोचतो तेव्हा कितीतरी गावांचे हात त्याला लागलेले असतात. भोंगा लावून हे होत नाही.

दुसरी एक आठवण कडू आहे, पण तीच मला जास्त उपयोगाची वाटते. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा ओढत गावाच्या शिवेपर्यंत न्यायचे. रोगराई पुढच्या गावाच्या हद्दीत लोटायची. त्या गावानं तो गाडा आणखी पुढं ढकलायचा. माझी आजी हे सांगायची तेव्हा तिचा आवाज खाली यायचा. गाव आणि गाव यांच्यामधली शीव ही भीतीची जागा होती. मला वाटतं, वाकळ त्याच शिवेवरून जावी. एका गावानं ती शिवेपर्यंत पोचवायची, दुसऱ्या गावानं शिवेवर येऊन घ्यायची. डोक्यावरून नेतील, बैलगाडीतून नेतील, टेम्पोतून नेतील, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. फक्त घ्यायला पुढच्या गावातली माणसं स्वतः आली पाहिजेत. सरकारी गाडीनं थेट चौकात आणून उतरवली तर ती पुन्हा रथच होईल.

हे सगळं मी खुर्चीत बसून लिहीत नाही. २०१४ च्या हिवाळ्यात तीन गावं आणि एक तांडा मिळून आम्ही लहान प्रमाणात हे करून बघितलं होतं. शाळेची पोरं, त्यांच्या आया-आज्या, आणि आम्ही दोघी शिक्षिका. त्यात तीन चुका झाल्या. त्या तुम्हाला सांगणं मला या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं, कारण तुमच्या हातून त्याच तीन व्हायचा संभव आहे.

पहिली चूक जागेची. पहिल्या गावात मी वाकळ मारुतीच्या पारावर अंथरली. पार म्हणजे गावाची जागा, असं मी गृहीत धरलं. दोन दिवस वस्तीवरची एकही बाई आली नाही. मी पोरांकरवी निरोप पाठवत राहिले आणि मनात त्यांनाच दोष देत राहिले. तिसऱ्या दिवशी माझ्याच वर्गातल्या एका मुलीची आजी शाळेच्या फाटकाशी येऊन म्हणाली, "बाई, तिथं आम्ही बसत नसतोत." एवढंच. मी त्या गावात नऊ वर्षं शिकवत होते. त्या दुपारी आम्ही वाकळ उचलून अंगणवाडीच्या ओसरीत आणली आणि संध्याकाळपर्यंत ओसरी भरली. त्या आजीनं आपल्या निळ्या लुगड्याचा तुकडा दिला. चौदा एप्रिलला नेसायचं लुगडं होतं ते. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, वाकळ कुठं अंथरायची हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या बैठकीत सोडवू नका. ज्या घरांतून बाया बाहेर पडताना दोनदा विचार करतात, त्या घरांना आधी विचारा. मग बाकीच्यांनी तिथं यावं.

दुसरी चूक हंगामाची. मी दिवाळीनंतरचा मुहूर्त धरला. हवा चांगली, सुगी झालेली. पण दुसऱ्या गावात पोचलो तर अर्ध्याहून जास्त घरांना कुलपं. बीडची असून मला हे आधी सुचलं नाही याची अजून टोचणी आहे. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रक-ट्रॅक्टर भरून जोडपी निघतात, ती पार पाडव्याच्या आसपास परत येतात. धारूर, पाटोदा, आष्टी, वडवणी या भागातलं गाव जानेवारीत बघा. म्हातारी माणसं, आणि मागं ठेवलेली पोरं. ज्यांच्या नावानं संस्कृतीचा कार्यक्रम घ्यायचा ती माणसं तेव्हा दुसऱ्याच्या शेतात पाचट काढत असतात.

यावर मला जे सुचतं ते असं. त्या महिन्यांत वाकळेचा एखादा मुक्काम ऊसतोडणी मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या त्यांच्या झोपड्यांवर ठेवा. मग तो कारखाना मराठवाड्याच्या हद्दीबाहेर असला तरी चालेल. संध्याकाळी मोळ्या टाकून आलेली बाई शिवायला बसेल का? रोज नाही बसणार. पण पाऊस पडला, गाडी अडली, तोड बंद राहिली की एक दिवस मोकळा मिळतो. त्या दिवशी तिच्या कोपीपाशी सुई-दोरा आणि तिच्या गावचं अर्धवट कापड असावं. तिची पोरं गावाकडं तुमच्याच हंगामी वसतिगृहात असतात. त्यांनी त्या कापडाची दुसरी बाजू शिवावी. एका तुकड्याच्या दोन बाजू, एक गावात आणि एक फडावर शिवलेली. आठ जिल्हा परिषदांनी मिळून एवढं एक केलं, तर बाकी पत्र तुम्ही बाजूला ठेवलंत तरी माझी तक्रार नाही.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. पोतराजाचं आभरान तुम्ही पाहिलं असेल. कमरेला बांधलेला, रंगीबेरंगी खणांच्या चिंध्यांचा घोळदार घागरा. दारोदार मिळालेल्या खणांचा तो बनतो, म्हणजे तीही एक फिरती वाकळच, असं माझ्या डोक्यात बसलं. तिसऱ्या गावात एका घरी ते जुनं आभरान खुंटीला होतं. मी फार उत्साहानं त्यातली एक पट्टी मागितली. म्हातारे देणार होते. त्यांचा नातू, बारावीला असलेला, मध्ये आला आणि शांतपणे म्हणाला की आमच्या घरातलं हे कुठंच लावायचं नाही. आजोबांच्या पाठीवरचे आसुडाचे वळ त्यानं लहानपणापासून बघितले होते. मी जिला कला म्हणत होते, ती त्याच्या घराला वाटून दिलेली सक्ती होती. त्यानं त्याऐवजी आपल्या कॉलेजच्या गणवेशाचा खिसा कापून दिला. तो खिसा आम्ही जसाच्या तसा लावला. काय दाखवायचं आणि काय पुसून टाकायचं, हे ठरवायचा हक्क ज्याचं जगणं आहे त्याचाच. कुणाही अधिकाऱ्यानं, अभ्यासकानं, माझ्यासारख्या हौशी बाईनं त्यात यादी घेऊन उतरू नये. लोककलांची यादी करून 'या तालुक्यातून पोतराज, त्या तालुक्यातून गोंधळी' असं वाटप तर मुळीच करू नका.

तांड्यावरचं सांगायचं राहिलं. तिथल्या बायांनी फेटिया-कांचळीला, म्हणजे त्यांच्या घागरा-चोळीला, कात्री लावायला साफ नकार दिला, आणि बरोबरच होतं ते. त्यांनी नवंच भरतकाम करून दिलं, कवड्या आणि भिंगं लावून, आमच्या चौकोनाच्या बाहेर जाणारं. वाकळेची कड तिथं वाकडी झाली. मला ती सरळ करावीशी वाटत होती. माझ्याबरोबरची शिक्षिका म्हणाली, राहू द्या बाई. गादी भरणाऱ्या एका चाचींनी ओढणी दिली आणि तिच्याभोवती टाके घालताना दखनीत काहीतरी गुणगुणत राहिल्या. मी वहीत उतरून घ्यायला लागले तसं त्यांनी थांबवलं. "लिखो नको, बैठो," म्हणाल्या.

आठ दिवसांचा मुक्काम मी का मागते, तेही सांगते. पहिल्या दिवशी बाया लाजतात. दुसऱ्या दिवशी उखाणे निघतात, कारण उखाणा म्हणजे सगळ्यांसमोर बोलायचा सोपा परवाना. ओव्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतात. जातं गेलं, दारात पिठाची गिरणी आली आणि ओवी म्हणायची वेळच दिवसातून नाहीशी झाली. हात चालू, डोळे खाली, समोर आपल्याच वयाची बाई, असं पुन्हा झालं की ती परत येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. पंचवीस मिनिटं थांबून त्यातली एकही मिळाली नसती.

काही गावांत वाकळेकडून मला वेगळीच आशा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, त्यानंतर लातूर-धाराशिव भागातली ५२ गावं दुसऱ्या जागी नव्यानं वसवली गेली. सरळ रस्ते, सारखी घरं, घराघरांत अंतर. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ या गावांत साठीच्या पुढच्या बाईला विचारा, जुन्या गल्लीत तिच्या घराशेजारी कोण राहत होतं. ती हातानं हवेत दाखवते. वेस इथं, आड तिथं, त्यापलीकडं सोनाराचं घर. हा नकाशा कुठल्याही कार्यालयात नाही. तो कापडावर टाक्यांनी उतरू शकतो, आणि तिथल्या पोरांना आपलं मूळ गाव एकदा बोटानं चालून जाता येईल. जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या माणसांनाही हे विचारायला हवं. नाथसागराचं पाणी आपल्यातले कितीतरी जण पितात.

असलं काही जगात कुणी केलं आहे का, असं तुमच्या बैठकीत कुणीतरी विचारेलच. केलं आहे. अमेरिकेत एड्सनं गेलेल्या माणसांच्या नातलगांनी आणि मित्रांनी त्यांच्या नावाची कापडं शिवली, तीन फूट बाय सहा फूट. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा १,९२० तुकडे होते. पुढं ती देशभर फिरली आणि फिरता फिरता वाढत गेली. आठ-आठ तुकडे जोडून बारा फुटी चौकोन केले, म्हणून एवढं मोठं कापड वाहता आलं आणि हवं तिथं हवं तेवढंच उघडता आलं. माप मी तिथूनच घेतलं आहे, लपवत नाही. दुसरं उदाहरण २०२१ मधलं. अमल नावाची साडेतीन मीटर उंच बाहुली, सीरियातल्या निर्वासित मुलीचं रूप, तुर्कस्तानातल्या गाझियानटेपपासून इंग्लंडच्या मँचेस्टरपर्यंत सुमारे आठ हजार किलोमीटर चालत गेली. प्रत्येक शहरातल्या कलाकारांनी आणि पोरांनी तिचं स्वागत कसं करायचं हे स्वतः ठरवलं. बाहुली फक्त निमित्त. ग्रीसमध्ये एका ठिकाणी तिच्यावर दगडही फेकले गेले. गावात येणारी गोष्ट कुणाच्या तरी जिव्हारी लागू शकते, याची तयारी ठेवायला हवी. आपल्याकडं निळ्या तुकड्याशेजारी भगवा, त्याशेजारी हिरवा आला की कुणीतरी बोलणारच. अशा वेळी जिल्हा परिषदेनं मागं सरू नये. कुणाच्या बोलण्यावरून कुठलाही तुकडा उसवायचा नाही, हा एकच नियम तुम्ही लेखी द्या.

खर्चाचं फार लिहीत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा कळतं. रथाला ट्रक, चालक, जनरेटर, साउंड, फ्लेक्स लागतं. वाकळेला एक लाकडी पेटी लागते, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला लागतो, सुया-दोरा, एक जाणती बाई आणि नोंदी ठेवणारं एक माणूस. जिल्हा वार्षिक योजनेत एवढं बसतं. पैसे लागतील ते शिवणाऱ्या बायांना द्यायला, आणि ते द्याच. रोजगार हमीच्या मजुरीपेक्षा एक रुपयाही कमी नको. संध्याकाळी हलगी, संबळ घेऊन कुणी आलं, आराधी मेळा बसला, जलशाची मंडळी आली तर त्यांनाही बिदागी मिळावी. शाल-श्रीफळ देऊन मोकळं व्हायचे दिवस संपले असं मला मनापासून वाटतं. त्या शालींचं काय होतं ते मला माहीत आहे. त्याही शेवटी वाकळेतच जातात.

आणि नावं. प्रत्येक तुकड्याच्या मागच्या बाजूला तो शिवणाऱ्या बायांची नावं टाक्यांनी लिहा, त्या सांगतील तशी. काहींना माहेरचं नाव हवं असेल, काहींना फक्त 'गंगूबाई' पुरेल. पुढच्या बाजूला कुणाचंच नाव नको. अध्यक्षांचं नको, मंत्र्यांचं नको, योजनेचं बोधचिन्ह नको. हिरव्या झेंडीचा कार्यक्रमही नको, ही विनंती हात जोडून करते. उद्घाटनाला माणूस आला की गाव पाहुणं होऊन बसतं. स्पर्धा तर ठेवूच नका. पहिला-दुसरा क्रमांक आला की बाया उसनं कापड आणून चकचकीत शिवतील आणि घरातली विटकी लुगडी घरातच राहतील.

सगळे ७६ तुकडे कडेला कड लावून जोडले तर २२८ फूट लांब कापड होईल. ते एकदा सगळ्यांनी मिळून बघावं असं मला फार वाटतं, आणि त्यासाठी संभाजीनगरातलं सभागृह नको. कळंब तालुक्यातलं येरमाळा मला योग्य वाटतं, चैत्री पौर्णिमेची येडेश्वरीची यात्रा. तोवर ऊसतोडीची माणसं परत आलेली असतात. आणि तिथं येणाऱ्या प्रत्येकाला चुनखडीचे खडे वेचून वाहायची रीत माहीत असते. खडा टाकून माणूस पुढं जातो, ढीग वाढत राहतो. त्या गर्दीला वाकळ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही. आपला तालुका शोधत बाया कापडाच्या कडेनं चालतील, आणि चिमटीत धरून पोत बघतील. त्यानंतर ती काचेच्या पेटीत ठेवू नका. उसवून ज्याचा तुकडा त्या गावाला परत द्या. शाळेत ठेवतील, अंगणवाडीत ठेवतील, गारठ्यात एखाद्या बाळंतिणीला पांघरायलाही देतील. वापरून फाटली तर फाटू द्या, कापड त्यासाठीच असतं.

आमची २०१४ ची वाकळ माझ्याकडं आहे. वाकड्या कडेची, मधोमध निळा तुकडा, खालच्या कोपऱ्यात गणवेशाचा खिसा. त्या खिशात कुणीतरी एक सुई खोचून ठेवली होती, ती अजून तिथंच आहे. तुमच्यापैकी कुणाला बघायची असेल तर मी कार्यालयात घेऊन येईन.

पोळा झाला की आम्ही चौघी जणी पहिला तुकडा शिवायला बसणार आहोत. त्यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट बघणार नाही. मी आईच्या इरकली लुगड्याचा काठ काढून ठेवला आहे. अंगणवाडीच्या सेविकाताईंनी ओसरी द्यायची कबूल केली आहे, आणि वस्तीवरच्या बायांना आम्ही या वेळी आधी विचारलं आहे. दसऱ्याच्या आत, माणसं कोयता घेऊन निघायच्या आधी, तुकडा पुरा करून आम्ही तो आमच्या शिवेपर्यंत आणून देऊ. पलीकडच्या गावातलं कुणीतरी तो घ्यायला तिथं उभं असेल, एवढं तुम्ही बघा.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतली एक निवृत्त शिक्षिका
जिल्हा बीड